विरोधात मत दिलं नाही

"नागिराची बस चालू ठेवावी, या अर्जाला ज्यांची संमती असेल त्यांनी उभं राहावं," नगरसभेचे अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यात आधी उभा राहिला तो शिगेमित्सु.

वर प्रेक्षकांच्या बाकावर फुसाएला हायसं वाटलं. वाटणारच. शिगेमित्सु तिच्याच गावचा, डोंगरातल्या नागिराचा, तिच्या शेजारच्या घरातला, लहानपणी निम्मी जेवणं तिच्या स्वयंपाकघरात जेवलेला. आमच्याकडे गावकऱ्यांचा अर्ज सभेपुढे यायचा तर एखाद्या सभासदानं त्याच्यावर आपलं नाव द्यावं लागतं. ते नाव त्यानंच दिलं होतं, तेही न मागता.

मग शिगेमित्सुनं खुर्ची नीट आत सरकवली, अध्यक्षांकडे बघून मान लववली आणि बाजूच्या दारानं तो बाहेर निघून गेला.

त्याला लघवीला लागली असावी, असं फुसाएला खरंच वाटलं. घ्या! साठीच्या माणसाला नेमकी मत द्यायच्या वेळीच लघवीला लागते, हेसुद्धा तिनं मानलं, कारण दुसरं काही मानायची तिची तयारीच नव्हती. शेजारी बसलेल्या किनुची होती.

"काढता पाय घेतला मेल्यानं," किनु पुटपुटली. वर बसणाऱ्यांनी बोलायचं नसतं, म्हणून शिपायानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

उभे उरले पाच, बसून राहिले पाच, आणि सहावा दाराबाहेर. मग अध्यक्षांना आपलं मत द्यावं लागलं आणि त्यांनी ते विरोधात दिलं. मार्चअखेर बस बंद.

फुसाएचा नवरा इवाओ खाली शहरातल्या इस्पितळात आहे. झटका आल्यापासून तो फक्त तिच्याच हातून खातो. परिचारिकांनी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतो. तुम्ही येता म्हणून चाललंय, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय. म्हणून ती रोज सकाळच्या बसनं उतरते, दुपारी त्याला भरवते आणि संध्याकाळच्या बसनं वर जाते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती स्वतःची गाडी चालवायची, डोंगरातली वळणंसुद्धा. एक दिवस हाच शिगेमित्सु घरी आला, तिच्या हातचं मुळ्याचं लोणचं मिटक्या मारत खाल्लं आणि म्हणाला की काकू, पंचाहत्तरी उलटली, आता लायसन्स परत करून टाका, बस आहे की, आणि मी आहे तोवर बस कुठं जात नाही. तिनं परत केलं. पोलीस ठाण्यात तिचा फोटो काढून घेऊन त्यानं तो आपल्या प्रचाराच्या पत्रकावर छापला.

पुढचा विषय निघाला. नागिराला नदीकाठी उद्यान, आणि उन्हाळी नाचासाठी तिथं पक्का मंच. दार उघडून शिगेमित्सु आत आला आणि जागेवर बसला. मत घेतलं तेव्हा सगळेच उभे राहिले. तोही राहिला, आणि या वेळी तो जागचा हलला नाही.

"बस नाही, मग नाचायला येणार कोण? माकडं?" किनु म्हणाली. या वेळी शिपायालाही हसू आलं. फुसाएला आलं नाही.

शिगेमित्सुनं तिला जिन्याखाली गाठलं. चुकवून गेला नाही, एवढं मात्र खरं. बस आणि उद्यान, दोन्ही मिळणार नव्हतं, हे तो दोन-तीनदा सांगून गेला. अध्यक्षांच्या गटानं त्याला साफ बजावलं होतं म्हणे. बसवर अडून बसलो असतो तर गावाच्या हाती काहीच लागलं नसतं.

"पण काकू, मी विरोधात मत दिलं नाही. तेवढं गावात सांगा."

"तू लायसन्स दे म्हणालास, मी दिलं," फुसाए म्हणाली. "आता मी त्यांच्याकडे जाऊ कशी, ते सांग."

"मला फोन करा. केव्हाही. मी सोडीन ना."

"एक एप्रिलला?"

"एक तारखेला उद्यानाचं भूमिपूजन धरलंय."

"मग दोनला?"

तो मान खाजवत राहिला.

सभा लांबली होती. इस्पितळ नदीपलीकडे, आणि इवाओचं ताट यायची वेळ झाली होती. तिच्या पायांनी ती वेळेत पोचली नसती. आज सोडतो, चला, असं तो म्हणाला. ज्यानं केसानं गळा कापला त्याच्याच गाडीत बसू नये, एवढी अक्कल तिला होती. पण ताट थंड झालं की इवाओ तिच्या हातूनही खात नाही, हेही तिला माहीत होतं. ती मागच्या सीटवर बसली. गाडीत ऊब जास्त होतेय का, एवढंच त्यानं वाटेत एकदा विचारलं.

इस्पितळाच्या दाराशी उतरून त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं. ती उतरली, आणि जन्मभराच्या सवयीनं घात केला. हात मांड्यांवर गेले, कंबर वाकली आणि "तुला त्रास दिला, आभारी आहे," हे तोंडून निघूनही गेलं. तिला स्वतःच्याच कंबरेचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

शिगेमित्सुही वाकला. तिच्याहून खाली, मतं मागताना वाकतात तसा. ती काचेच्या दारातून आत जाऊन लिफ्टपाशी पोचली, तरी तो तसाच वाकलेला होता.