साहेबांचीही सही

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं दगा दिला. दुष्काळ निधीसाठी क्रिकेटचा सामना ठेवला, तर मुंबईहून आलेल्या बॅट्समनच्या सहीसाठी अख्खा मांडव तुटून पडला. शेजारच्या खुर्चीत टँकर मंजूर करणारे निगुडकर साहेब माश्या मारत बसले होते. एरवी यांच्या सहीसाठी गावंच्या गावं दारात बसायची आणि साहेब "उद्या या" म्हणून पिटाळायचे. आज कुणी कुत्रं विचारीना.

तेवढ्यात औशाकडची धुरपताबाई घडी घातलेला कागद घेऊन आली. आधी तिनं बॅट्समनची सही घेतली, मग साहेबांकडं वळली.

"साहेब, तुमची बी द्या की. तुमी काय लहान मानूस न्हाईत."

साहेब पुरीसारखे फुलले. कागद मांडीवर घेऊन त्यांनी झोकात सही ठोकली आणि सवयीनं खाली हुद्दा, तारीखही टाकली.

सोमवारी हेडक्लार्कनं तोच कागद घडी उलगडून टेबलावर ठेवला.


"साहेब, बाईच्या गावाला रोज दोन टँकर मंजूर. खाली तुमची सही, आणि साक्षीदार म्हणून त्या बॅट्समनची."