किशोररावांचा अंदाज

किशोररावांनी चष्मा काढला, निळ्या कव्हरची जाडजूड स्पायरल प्रत टीपॉयवर ठेवली आणि ठामपणे सांगितलं, "कंपाउंडर."

"नक्की?" ललिताबाईंनी विचारलं.

"अगदी नक्की. विषाची बाटली त्याच्याच कपाटात होती. मी तर दहाव्या प्रकरणातच ओळखलं."

चहा टाकायच्या निमित्ताने ललिताबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे मनसोक्त हसल्या. खून पोस्टमास्तरांनी केला होता.

कळवणची खानावळवाली गोजराबाई भाकऱ्या थापता थापता खुनी शोधते, आणि तिला जन्म देणाऱ्या ललिताबाई नाशिकला, सिडकोतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितात. अकरा पुस्तकं झाली होती. रक्ताचा थेंब नाही, शिवीगाळ नाही. खून झाला तरी पुस्तकातली माणसं वेळेवर जेवायची, आणि वाचकांना नेमकं तेच आवडायचं.

प्रत्येक कादंबरीची पहिली परीक्षा घरातच व्हायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून ललिताबाई दोन प्रती बांधून आणत. पूर्ण प्रत प्रकाशकासाठी, ती कपाटात साड्यांखाली लपवायची. शेवटचं प्रकरण वगळलेली प्रत किशोररावांना द्यायची आणि खुनी कोण ते विचारायचं. अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात उभा जन्म काढलेला माणूस. केसाएवढी चीर गेलेला पार्टही त्यांच्या हातून सुटला नव्हता. त्यांना खुनी सापडत नसेल तर आणखी कुणाला सापडणार?

अगदी पहिल्या कादंबरीचा खुनी मात्र त्यांनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला होता. ललिताबाईंनी ते बाड माळ्यावर टाकलं आणि दोन वर्षं पेन हातात धरलं नाही. तेव्हा त्या कुणाशी धड बोलतही नव्हत्या. पुढे पुन्हा लिहायला लागल्या, आणि त्यानंतर किशोररावांचा नेम एकदाही लागला नाही. आपल्याला आता ही कला साधली आहे, याचा ललिताबाईंना अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

"अगं, त्या संध्याकाळी लाइट गेलेली ना?" बाहेरून किशोररावांनी विचारलं. "मग पिठाची चक्की कशी चालू होती?"

दर पुस्तकात त्यांचा असा एखादा भलताच प्रश्न असायचा. खुनी राहिला बाजूला, यांचं लक्ष चक्कीकडे. त्यांचं मन राखायला ललिताबाई तेवढी ओळ बदलून टाकत.

"करते चक्की बंद," त्या चहा घेऊन आल्या. "आणि अहो, कागदावर या रेघा किती मारता?"

तपासलेल्या मालावर खूण करायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. वाचून झालेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक रेघ. लाइट बिलसुद्धा त्यातून सुटायचं नाही.

"सवय आहे," किशोरराव म्हणाले आणि त्यांनी टोस्ट चहात बुडवला.

तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशनाकडची संपादक तेजस्विनी होती.

"मॅडम, स्पष्टच बोलते. मागच्या दोन पुस्तकांतला खुनी अर्ध्यातच कळला, असं बरेच वाचक म्हणतात. या वेळीही तसंच झालं तर सर गोजराबाईची मालिका बंद करणार आहेत. हवे तर दोन महिने घ्या. पुन्हा एकदा हात फिरवा."

गोजराबाई म्हणजे ललिताबाईंना घरातलंच माणूस. ती नसली तर सकाळी उठून करायचं काय, हेही त्यांना सुचेना. मग त्यांनी समोर पाहिलं. किशोरराव चहात पडलेला टोस्टचा तुकडा चमच्याने काढत होते. त्यांना बघून ललिताबाईंना धीर आला.

"पुस्तक वाचून झाल्यावर सगळेच म्हणतात, आम्ही ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांना आत्ता विचारलं. ते कंपाउंडर म्हणाले."

"आणि तो नाही?"

"तो नाही. दोन महिने नकोत मला. तुम्ही छापा. कुणी ओळखलं तर मीच गोजराबाई बंद करते."

तेजस्विनी हसली. "मग चंदरला पाठवते. पूर्ण प्रत त्याच्याकडे द्या."

चंदर संध्याकाळी आला. त्याला खुर्ची देऊन ललिताबाईंनी साड्यांखालची प्रत काढली. पहिल्या पानावर सही करून झाली, आणि सहज म्हणून त्यांनी शेवटचं पान उघडलं. प्रत एकविसाव्या प्रकरणावर संपत होती.

बाविसावं बांधायला दुकानदार विसरला की काय? की सारख्याच निळ्या कव्हरांमुळे आपलीच अदलाबदल झाली?

"बस हं दोन मिनिटं," त्या चंदरला म्हणाल्या.

टीपॉयवरची प्रत अजून तिथेच होती. बाल्कनीत किशोरराव कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. ललिताबाईंनी ती प्रत मागच्या बाजूने उघडली. बाविसावं प्रकरण तिच्यात होतं. भरल्या खानावळीत गोजराबाईसमोर पोस्टमास्तर गुन्हा कबूल करत होते, आणि 'समाप्त'च्या खाली, पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीची एक बारीक रेघ होती.