नव्या नकाशात नसलेलं गाव

"पुढे जमीन आहे," असं सांगून ऑटोपायलटने शिडं उतरवली आणि बोट भर समुद्रात थांबली.

खोली मोजणारं यंत्र मात्र नऊ मीटर पाणी दाखवत होतं. मिताली वडिलांवर वैतागली. "आबा, नव्या यंत्रांना जुना नकाशा तुम्हीच जोडलात ना?"

"नव्यात आपलं गावच नाही गं. मग गावदेवीचा नारळ सोडायचा कुठे?"

गाव बुडाल्यापासून आबा पहिल्यांदाच इकडे आले होते. हाताने बोट चालवायला आता बंदी होती, सुकाणूला कुलूप होतं. नाइलाजाने मितालीने जुन्या नकाशाची वायर काढून नवा जोडला. पडद्यावरचं देऊळ, शाळा, बाजार सगळं गेलं आणि नुसता निळा रंग उरला. बोट निघाली.

थोड्या वेळाने खोलीचं यंत्र वाजलं. खाली काहीतरी उंच होतं.

"देवळाचा कळस!" आबांनी नारळ उचलला.

यंत्र पुन्हा वाजलं. मग आणखी एकदा.

"यातला कळस कुठला गं?" आबा पाण्यात वाकून बघत राहिले.

"पुढे खोल पाणी आहे," ऑटोपायलट म्हणाला. "धोका टळला."

नारळ आबांच्या हातातच होता.