जागा सोडायची नाही

प्रल्हादकाकांनी गॅरेजमध्ये जुनी चादर अंथरली आणि सगळं सामान तिच्यावर मांडलं. छोटा स्टोव्ह, जास्तीच्या ट्यूब, पंप, पाण्याचा फिल्टर आणि दोन बिव्ही. तंबू न्यायचा नाही. रात्री स्लीपिंग बॅगेवर बिव्ही, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी, ओढायची आणि उघड्यावर झोपायचं.

"तीन दिवस कुणाची मदत नाही," काका म्हणाले. "सायकलवर असेल तेवढंच आपलं. बरोबर ना?"

"हो काका." परीक्षित सायकल उलटी करून चेनला तेल लावत होता. सायकल अमेयची होती.

अमेय काकांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्या मित्राबरोबर, परीक्षितबरोबर, कॅस्केड्सच्या डोंगरात अशाच ट्रिपला गेला होता. संध्याकाळी उतारावर परीक्षित पडला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. रात्री अमेय मदत आणायला चालत निघाला आणि अंधारात कड्यावरून खाली कोसळला. परीक्षित दुसऱ्या दिवशी दुपारी हायकर्सना सापडला.

उन्हाळा लागला तेव्हाच काकांनी सांगून टाकलं होतं, वर्षश्राद्ध झालं की ती जागा मी सायकलवरूनच जाऊन बघणार. वय एकसष्ट. उन्हाळाभर ते आपल्या बॉथेल गावातल्या नदीकाठच्या ट्रेलवर सराव करत होते. पंक्चर काढायला शिकले, मागच्या अंगणात बिव्हीत झोपून बघितलं, लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली.

"काका, आपण वरच्या पार्किंगपर्यंत ड्राइव्ह करू या का? तिथून थोडंच चालायचं."

"हे तू मागेही म्हणालास. तुला यायचं नाहीये का?"

"तसं नाही."

"मग ब्रेक बघ. मागचा सैल वाटतोय मला."

आतलं दार उघडून शोभनाकाकू आल्या. फॉइलमध्ये गुंडाळलेले तिखटमिठाचे पराठे त्यांनी चादरीच्या कोपऱ्यावर ठेवले. "तीन दिवस टिकतील. परीक्षित, तू चार जास्त घे. तुला पुरत नाहीत."

पुण्याहून नोकरीसाठी अमेरिकेत आल्यापासून परीक्षित दर रविवारी या घरी जेवायचा. अपघातानंतर पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा काकूंनी त्याला अमेयच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. त्याला आंघोळीसाठी खुर्ची आणून दिली, औषधं दिली, त्याच्या आईशी रोज फोनवर बोलल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या मुलानं ज्याच्यासाठी जीव दिला, त्याला मी वाऱ्यावर कशी सोडू?"

काका स्टुलावर बसले होते. एक बिव्ही गुंडाळून झाली होती. दुसरी तशीच त्यांच्या मांडीवर होती.

"एक विचारू? सगळ्या पुस्तकांत एकच नियम आहे. एकाला लागलं तर दुसऱ्यानं रात्री जागा सोडायची नाही. एकत्र राहायचं, उजाडलं की निघायचं."

"हो."

"अमेयला ठाऊक नव्हतं?"

"होतं. त्यानंच मला शिकवलं."

"तुला रक्तस्राव होत होता?"

"नाही."

"थंडी?"

"होती. पण बिव्ही होत्या दोघांकडे."

"मग तो का निघाला?"

परीक्षितनं फडक्याला हात पुसले. हात स्वच्छ झाले तरी तो पुसत राहिला.

"मागे म्हणाला होतास, मी अर्धवट शुद्धीत होतो," काका म्हणाले. "आत्ता तर तुला सगळं आठवतंय."

"काय चाललंय तुमचं?" काकू मध्येच म्हणाल्या. "मदत आणायला गेला माझा मुलगा."

"शोभना, मी बाप आहे त्याचा. लहानपणी काही अंगावर आलं की पहिला पळायचा तो. वर्षभर मी मनाला समजावतोय. पण हे सगळं शिकलो आणि..." ते परीक्षितकडे वळले. "मला फक्त खरं सांग, परीक्षित. तो तुझ्यासाठी गेला की तुला सोडून गेला?"

काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मी हाकललं त्याला," परीक्षित म्हणाला.

काका पुढे झुकले.

"तो नाही म्हणत होता. उजाडेपर्यंत थांबू म्हणाला. मला दुखणं सहन होत नव्हतं, काका. मी रडलो, शिव्या दिल्या. आत्ताच्या आत्ता जा म्हणालो. तरी तो बराच वेळ बसून होता माझ्याजवळ."

काकांनी डोळे मिटून घेतले. छातीवरचं ओझं कुणी उतरवून ठेवावं तसा मोठा श्वास सोडला. मग डोळे उघडले आणि परीक्षितकडे पाहिलं. त्या नजरेत ओळखही उरली नव्हती.

"वर्षभर या घरात जेवलास," ते म्हणाले.

"मी एकटा जाईन डोंगरात," दुसरी बिव्ही बाजूला सारत ते म्हणाले. "तू नको येऊस."

"काकू..."

"जा रे बाबा," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पुन्हा येऊ नकोस. मला तुझं तोंड बघवणार नाही."

परीक्षितनं तेलाची बाटली जागेवर ठेवली. जॅकेट उचललं. लंगडत ड्राइव्हवे उतरून तो आपल्या गाडीकडे गेला. मागे काकूंचं रडणं ऐकू येत होतं आणि काका त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "थांबतो म्हणत होता गं तो. ऐकलंस ना? थांबतो म्हणत होता."

त्यांचा आवाज आनंदानं कापत होता.

परीक्षितनं गाडीत बसून दार लावून घेतलं. त्या रात्री तो अमेयचा हात घट्ट धरून एवढंच म्हणत राहिला होता, 'उजाडेपर्यंत थांब यार, मला एकट्याला सोडून जाऊ नकोस'. आणि 'तुझ्यापायी मी इथे गारठून मरणार नाही' म्हणत अमेयनं तो हात झटकला होता.