टपावरची थाप

स्पीकरला वायर कमी पडली, तेव्हा उत्तरेश्वरनं पिकअपच्या हौद्यातल्या बेलची वायर ओढून काढली. मजूर बायांना पिकअप थांबवायची असली की त्या मागून बटण दाबायच्या आणि केबिनमध्ये बेल वाजायची. "म्हातारपणी कळ काढवत नाही बाबा," म्हणत त्यांच्यातल्या केराबाईंनीच ती बसवून घेतली होती. टपावर थाप मारली तरी ऐकू येतंय की, असं स्वतःला समजावत त्यानं वायर नव्या टेपला जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी कांदा लावायला निघालेल्या अकरा बाया मागं बसल्या. टेप नुसता दणाणत होता. फाट्यावरून वळल्यावर टपावर थाप पडली. मग दोन, मग चार. बाया रंगात आल्यात, असं वाटून उत्तरेश्वरची छाती फुगली. त्यानं आवाज आणखी वाढवला.

शेतावर पोचून त्यानं मागचा फाळका उघडला. बाया एकेक करून खाली आल्या. केराबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या. बाकीच्या बाया त्यांच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या, तरी ओलं झालेलं लुगडं त्याला दिसलंच.

"मावशी, मला वाटलं..." उत्तरेश्वर म्हणाला.

केराबाईंनी पदर पुढं ओढला. "पाण्याचा कॅन सांडला रं अंगावर," त्या म्हणाल्या. "गाणी मातूर झ्याक लावलीस."

फाळका लावताना त्याला कोपऱ्यातला कॅन दिसला. तो काठोकाठ भरलेला होता, आणि झाकण अजून उघडलेलंच नव्हतं.