ओसरीवरचे पाच दिवस

उषाबाई दर महिन्याला पाच दिवस ओसरीवर बाजूला बसायची; सासू होती तोवर तेवढे दिवस घरकाम सासूच बघायची. पाण्याला, चुलीला, नवऱ्याला शिवायचं नाही, हा त्या नवऱ्याचाच, बद्रीनाथचा, सक्त नियम. सासू वारली आणि पुढच्याच महिन्यात हापशावरून पाणी आणणं, भाकरी थापणं सगळं बद्रीनाथच्याच गळ्यात पडलं. दुसऱ्याच दिवशी तो भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत ओसरीवर आला.

"ऊठ, आंघोळ कर. शिकलेल्या लोकायनं हे सारं कव्हाच सोडलं."

"अन् धर्म?"

"विटाळ-बिटाळ काही नसतंय. बिलकुल न्हाई."

उषाबाईनं तरटावर पाय लांब केले.

"लांब व्हा, शिवाल. सासूबाई जाताना सांगून गेल्या, पाच दिवस कमीच पडतेत, सात पाळत जा. अन् कालच्या भाकरी कच्च्या राह्यल्त्या."