आधी कोण

ड्रॉइंगवर स्पष्ट होतं: भोक पाडताना धातूचा भाग आधी कडेवर टेकवायचा, मग तळावर, आणि त्याच क्रमाने भोकाची जागा मोजायची. ते ड्रॉइंग काढणारा थोरला भाऊ मशीनपाशी आला आणि धाकट्याला म्हणाला, "आधी तळच टेकव रे. क्रम उलटा पडलाय माझ्याकडून. संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग बदलतो."

धाकट्याने सगळी खेप तशीच काढली. तपासणीला गेली, तेव्हाही ड्रॉइंग जुनंच होतं. कडेवर टेकवून मोजल्यावर एकूण एक भोक सरकलेलं निघालं.

मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "क्रम बदलायला कोणी सांगितलं?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा चष्मा पुसत होता.

"ड्रॉइंगवर सगळं आहे, साहेब," तो म्हणाला. "याला वाचायचा कंटाळा. लहानपणापासूनच."

मॅनेजर धाकट्याकडे वळला. "उद्यापासून येऊ नकोस. निदान चूक तरी कबूल आहे ना?"

"आहे, साहेब. क्रमच चुकला माझा," धाकटा म्हणाला. "मी आधी दादाचा शब्द धरला, ड्रॉइंग नंतर."